दिवसाचा पहिला बाण

नेरूळच्या आमच्या मैदानावर सरावाला येणाऱ्या प्रत्येक मुलाला दिवसाचा पहिला बाण एकटाच मारावा लागतो. रबरी पट्टा ताणून खांदे मोकळे करायचे, धनुष्य जोडायचं, दोरीवरून एकदा नजर फिरवायची आणि 50 मीटरच्या रेषेवर उभं राहून एक बाण सोडायचा. आधी जवळून दोन-चार मारून हात बसवून घ्यायचा नाही. चुकला तर लगेच दुसरा नाही. या बाणासाठी प्रत्येकाचा टार्गेटचा कागदही वेगळा असतो. तो बटवर, म्हणजे बाण अडवणाऱ्या जाड पाटावर, लावायचा, बाण मारायचा, भोकाशेजारी पेन्सिलीने तारीख घालायची आणि कागद गुंडाळून नळीत ठेवून द्यायचा. मग रोजचा सराव सुरू.

महिनाअखेरीस हे कागद उलगडून मी ओळीने लावतो. रोजच्या सरावाच्या कागदात मधल्या पिवळ्याच्या चिंध्या झालेल्या असतात, तिथे बघण्यासारखं काही उरत नाही. पहिल्या बाणांचा कागद मात्र वाचता येतो. पिवळ्यात काही भोकं, लालमध्ये बरीच, एखादं थेट निळ्यात. गेल्या उन्हाळ्यात एका मुलीच्या कागदावर जवळजवळ सगळी भोकं डावीकडे सरकलेली दिसली. सरावात तिचे बाण कधी डावीकडे जात नव्हते, ग्रुप, म्हणजे बाणांचा पुंजका, छान मधोमध बसायचा. मग आम्ही तिचा पहिला बाण बाजूला उभं राहून पाहायला लागलो. धनुष्य हातात घेतल्या घेतल्या ती मूठ आवळत होती. तळहाताला घाम, धनुष्य निसटेल ही धास्ती, आणि मूठ आवळली की धनुष्य बाण सुटताना किंचित वळतं. दोन-तीन फेऱ्या झाल्या की हात सैलावायचा आणि दोष आपोआप झाकला जायचा. तिला किंवा मला तो एरवी कळलाच नसता.

ग्रुप बसला की तिरंदाजाला आपण अचूक झालो असं वाटतं. त्या समाधानावर माझा फारसा विश्वास नाही. ग्रुप तिसऱ्या-चौथ्या फेरीचं शरीर दाखवतो: स्नायू तापलेले, नजर त्या अंतराला सरावलेली, आणि आधीच्या बाणांवरून नकळत केलेल्या बारीक दुरुस्त्या. कालपासून आजपर्यंत तुमच्याजवळ खरोखर काय उरलं, ते पहिला बाण दाखवतो.

इथे किती बारीक गोष्टींचा हिशेब असतो तो एकदा आकड्यांत मांडायला हवा. कंपाउंड धनुष्याची स्पर्धा 50 मीटरवर होते. कागद 80 सेंटिमीटरचा, दहाची रिंग 8 सेंटिमीटर व्यासाची. म्हणजे मध्यापासून 4 सेंटिमीटर सरकला की बाण दहाच्या बाहेर. डोळ्यापासून साइट, म्हणजे धनुष्यावरचं नेम धरायचं भिंग, साधारण 85 सेंटिमीटरवर असते असं धरलं, तर तिथला पाऊण मिलिमीटरहूनही कमी फरक 50 मीटरवर जाऊन 4 सेंटिमीटर होतो. नखाच्या जाडीएवढ्या जागेत सगळा खेळ. दोरी गालाला रोजच्यापेक्षा थोडी जास्त चिकटली, दोरीतलं पीपचं भोक किंचित फिरलं, पावसाळी हवेत पकड ओली झाली, की तेवढा फरक पडतोच. ऊन कलल्यावर खाडीकडून वारा सुरू होतो, तो वेगळाच. ही नवी मुंबईची हवा आहे, तिला नावं ठेवून उपयोग नाही. तिच्यातच पहिला बाण लागायला हवा.

पहिल्या बाणाची ही सवय मी शिकाऱ्यांकडून उचलली. माझ्याकडची मुलं अमेरिकेतल्या धनुष्याने शिकार करणाऱ्यांचे व्हिडिओ बघतात, आणि नव्याने आलेला प्रत्येक मुलगा पहिल्या आठवड्यात विचारतोच, "सर, याने हरीण मारता येतं?" मी उत्तर टाळत नाही. येतं. कंपाउंड धनुष्य शिकाऱ्यांच्याच गरजेतून जन्मलं आहे. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलनने त्याच्या पेटंटसाठी 1966 साली अर्ज केला, 1969 साली पेटंट मिळालं. दोन टोकांना चाकं बसवली की धनुष्य पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार एकदम उतरतो, आणि जनावर योग्य कोनात येईपर्यंत धनुष्य ताणून थांबता येतं. 50 पौंडांच्या धनुष्याचा भार 75 टक्के उतरला, तर पूर्ण ओढीवर हातात फक्त साडेबारा पौंड उरतात. आज जे धनुष्य घेऊन आपली मुलं जग जिंकतात, ते या थांबण्यासाठी घडवलेलं आहे, हे त्यांना माहीत असावं असं मला वाटतं.

आणि जग जिंकतात हे मी शब्दशः म्हणतोय. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी विश्वविजेती झाली, अंतिम लढत 149-147. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांचं विजेतेपद घेतलं, 150 पैकी 150, पंधराच्या पंधरा बाण दहात. समोरच्या पोलंडच्या खेळाडूचे 149 होते, म्हणजे एक बाण नवात गेला असता तर बरोबरी झाली असती. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत सरांच्या हाताखाली तयार झालेले. उसाच्या शेतातल्या मैदानावर त्यांनी जे केलं, त्याने महाराष्ट्रातल्या किती आईवडिलांना आपल्या मुलाच्या हातात धनुष्य द्यावंसं वाटलं, ते आम्हा शिकवणाऱ्यांना विचारा. आता 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार आला आहे, त्यामुळे ही गर्दी वाढणारच.

शिकारीबद्दल मुलांशी बोलताना कायदा आधी सांगतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. आमच्या मैदानापासून खाडी जवळ आहे. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात, खारफुटीत कोल्हे आहेत, आणि एवढ्या इमारतींच्या गर्दीत ते टिकून आहेत याचं मला अप्रूप वाटतं. त्यांच्या दिशेने धनुष्य उचलण्याचा विचारही माझ्या मैदानावर चालत नाही. पण जिथे शिकारीला परवानगी आहे त्या देशांतल्या जबाबदार शिकाऱ्याची अचूकतेची कसोटी मला आपल्या स्पर्धेपेक्षाही कडक वाटते, म्हणून ती मी मुलांना समजावून देतो.

शिकारी सरावाला जेवणाची कागदी पत्रावळ लावतो, साधारण 20 सेंटिमीटरची. हरणाच्या छातीतल्या हृदय-फुप्फुसाच्या भागाचा तो आकार. आमच्या 80 सेंटिमीटरच्या कागदावर नवाची रिंग 16 सेंटिमीटरची, आठाची 24. म्हणजे आठाच्या रिंगच्या मध्यापलीकडे लागलेला बाण पत्रावळीच्या बाहेर गेला. स्पर्धेत दोन गुण गेले असं आपण म्हणतो. तिथे एक जनावर जखमी होऊन झाडीत पळून गेलेलं असतं. 50 मीटरवर दहात मारणाऱ्याला ही पत्रावळ म्हणजे लहान मुलांचा खेळ वाटेल. तरीही शहाणे शिकारी वीस-तीस मीटरपलीकडे बाण सोडत नाहीत. का, हे मुलांना विचारलं की ती नेम, वारा, भीती असं काहीतरी सांगतात. खरं कारण आवाजाच्या वेगात आहे.

कंपाउंडचा बाण सेकंदाला साधारण 85 मीटर जातो, आवाज 340 मीटर. दोरी सुटल्याचा आवाज 20 मीटरवर बाणाच्या आधी सुमारे 0.18 सेकंद पोचतो, 40 मीटरवर तो फरक 0.35 सेकंदांचा होतो. दचकलेलं हरीण पळण्यासाठी आधी पाय दुमडून अंग खाली घेतं. तिसऱ्या हिश्शाच्या सेकंदात त्याचं शरीर पत्रावळीच्या उंचीइतकं सहज खाली जाऊ शकतं. बाण जिथे सोडला तिथेच गेला, पण तोवर तिथे छाती उरलेली नसते. नेम बिनचूक, नेमबाजही बिनचूक, आणि निकाल भयंकर.

अंतराच्या अंदाजाचंही तसंच. शिकाऱ्याला कोणी 50 मीटर मोजून पांढरी रेषा मारून देत नाही. समोरचं 25 मीटरवर असताना 20 समजून सोडला, तर बाण आठ-नऊ सेंटिमीटर खाली लागतो, पत्रावळीच्या आत राहतो. 40 ला 35 समजलात, तर तेरा-चौदा सेंटिमीटर खाली, म्हणजे बाहेर. चूक दोन्हीकडे पाच मीटरचीच. अंतर वाढलं की तीच चूक महाग पडते. उतारावर आणखी एक गंमत असते: 30 अंशांच्या चढावर किंवा उतारावर 40 मीटर मोजले, तरी नेम सुमारे 35 मीटरचा धरायचा, कारण बाणाला खाली ओढणारं गुरुत्व फक्त आडवं अंतर मोजतं. जंगलात फोमची जनावरं उभी करून होणाऱ्या थ्री-डी तिरंदाजीच्या जागतिक स्पर्धा 2003 पासून भरतात. तिथे अंतर सांगितलं जात नाही, आणि गुण 11, 10, 8, 5 असे मिळतात. कोणत्याही जिवाला धक्का न लावता शिकाऱ्याची विद्या जपण्याचा हा उत्तम मार्ग आहे. आपल्या सह्याद्रीच्या उतारांवर तो खेळ रुजावा असं मला मनापासून वाटतं. तोवर माझी मुलं पामबीच रस्त्यावर चालताना समोरचा दिव्याचा खांब किती मीटरवर आहे ते एकमेकांना विचारतात आणि पावलं मोजून बघतात. सुरुवातीला सगळेच मोकळ्या जागेत अंतर कमी धरतात. काही महिन्यांत नजर बसते.

पनवेलच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एका कातकरी वाडीत मी एकदा माझं धनुष्य घेऊन गेलो होतो. तिथल्या एका आजोबांकडे जुना तीरकामठा होता, बांबूचा, दोरीही बांबूच्याच सालीची. त्यांनी तरुणपणी त्याने ससे मारले होते, आता तो आढ्याला टांगलेला असतो. माझं धनुष्य त्यांनी हातात घेतलं, चाकांवरून बोट फिरवलं, साइटच्या भिंगातून पाहिलं आणि विचारलं, "यानं किती लांब जातो?" मी पन्नास-साठ मीटर नेम धरतो म्हटल्यावर त्यांना ते पटलं नाही. लांब जातो हे पटलं, पण इतक्या लांबून मारायचं कशाला, हे कळेना. त्यांनी मला तीरकामठा कसा धरायचा ते दाखवलं. उभं राहण्याआधी त्यांनी खाली बघितलं, अनवाणी पावलाने दोन काटक्या हळूच बाजूला केल्या, टाच टेकवली, मग वजन टाकलं. हात सगळ्यात शेवटी उचलला. त्यांच्या धनुष्याची पोच कमी होती, म्हणून त्यांची सगळी अचूकता जवळ जाण्यात होती, आणि ती पायांत होती. मी तिरंदाजीत पायांबद्दल पुष्कळ वाचलं आणि शिकवलं आहे, पण पाऊल टाकण्याआधी जमिनीकडे इतकं लक्ष देणारा माणूस मला मैदानावर भेटला नव्हता. आमच्याकडे आता प्रत्येक जण रेषेवर आल्यावर आधी पायाखालची खडी सारतो.

आपल्याकडे धनुर्विद्या म्हटलं की अर्जुन आणि पोपटाचा डोळा हे ठरलेलं. मुलांना ती गोष्ट पाठ असते, म्हणून मी दुसऱ्या तीन सांगतो. शरयूच्या काठी घागर भरल्याचा आवाज ऐकून, हत्ती पाणी पितोय असं समजून, दशरथाने अंधारात बाण सोडला. तो श्रावणबाळाला लागला. पांडूने हरणाच्या जोडीवर बाण सोडले, आणि हरणाच्या रूपात किंदम ऋषी होता. जरा नावाच्या व्याधाने झाडाखाली पहुडलेल्या श्रीकृष्णाचं पाऊल पाहिलं आणि ते हरीण समजून वेध घेतला. तिघांचाही नेम चुकलेला नाही. दशरथ तर केवळ आवाजावर मारू शकत होता, म्हणजे आजच्या कोणत्याही विश्वविजेत्यापेक्षा मोठा धनुर्धर. आपल्या पूर्वजांनी शिकारीच्या गोष्टी रचल्या तेव्हा नेम चुकल्याचं दुःख त्यांनी फारसं सांगितलं नाही, नेम लागल्याचं सांगितलं. मला हे फार मोठं शहाणपण वाटतं. रामायणाचा सगळा वनवास आणि पांडवांचा जन्म या नीट लागलेल्या बाणांमागून येतो.

म्हणूनच ओढलेला बाण न सोडता परत आणणं ही माझ्या लेखी तिरंदाजीतली सगळ्यात अवघड गोष्ट आहे, आणि तिचा सराव जवळजवळ कोणी करत नाही. धनुष्य ओढलं, साइट पिवळ्यावर आली, की बोट आपसूक रिलीजच्या, म्हणजे दोरी सोडणाऱ्या साधनाच्या, बटणाकडे जातं. काहींचं तर साइट मध्यावर पोचायच्या आतच बोट दाबलं जातं. नेमाची ही धास्ती भल्याभल्यांची वर्षं खाते. तिच्यावर औषध म्हणून पावसाळ्यात, मैदान चिखलात असतं तेव्हा, आम्ही बंद हॉलमध्ये पाच मीटरवर कोरा बट ठेवतो. कागद नाही, साइट काढलेली, आणि बाण सोडताना डोळे मिटलेले. बघायला काही नसलं की पाठीचे स्नायू एकमेकांकडे सरकताना जाणवतात, आणि बाण कधी सुटला ते सुटल्यावर कळतं. जून ते सप्टेंबर मुलं कंटाळतात. मी त्यांची समजूत काढतो, पण हा सराव कमी करत नाही.

धनुष्य परत आणण्याचंही तंत्र आहे, आणि कंपाउंडमध्ये ते नीट शिकवलं नाही तर खांद्याला दुखापत होते. पूर्ण ओढीवर हातात साडेबारा पौंडच असतात, पण हात थोडा पुढे गेला की चाकं फिरतात आणि अख्खे 50 पौंड एका क्षणात अंगावर येतात. धनुष्य पुढे झेप घेतं. म्हणून बाणाचं टोक बटवरून हलू द्यायचं नाही, बोट किंवा अंगठा बटणापासून पूर्ण लांब, पाठ ताणलेलीच ठेवून कोपर सावकाश पुढे आणायचा. लहान मुलांना हे मी कमी पौंडाच्या धनुष्यावर, शेजारी उभं राहून शिकवतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या खांद्याशी खेळ नको.

स्पर्धेच्या बाद फेरीत आळीपाळीने मारताना एका बाणाला 20 सेकंद मिळतात. त्यात धनुष्य परत आणून पुन्हा ओढायचं तर निर्णय फार तर बाराव्या सेकंदाला व्हायला हवा. त्यानंतर आणलं तर पुढचा बाण घाईत जातो, आणि घाईतला बाण मघाच्या नको असलेल्या बाणापेक्षा वाईट लागतो. म्हणून आमच्याकडे घड्याळ लावून सराव चालतो. प्रत्येक फेरीत तीन बाण, आणि त्यातल्या कोणत्या तरी एकाला मी अचानक शिट्टी वाजवतो. शिट्टी ऐकली की खाली आणायचं, साइट कितीही छान बसलेली असली तरी. मुलं कुरकुरतात, "सर, आत्ता टेनच होता!" असेल. वेळ संपायच्या आत पुन्हा ओढून तो मारायचा.

या महिन्यापासून शिट्टीचा नियम मी पहिल्या बाणालाही लावला आहे. कोणाच्या पहिल्या बाणाला वाजेल हे आधी सांगत नाही, आणि इथे पुन्हा ओढायचं नाही. ज्याने धनुष्य नीट खाली आणलं त्याच्या कागदावर त्या दिवशी भोक नसतं, फक्त कडेला पेन्सिलीने तारीख असते. महिनाअखेरीस कागद लावताना त्या तारखाही मी भोकांच्या बरोबरीने मोजणार आहे.